चौथ्या मजल्यावर कोणी नाही

पुण्यात मी अकरा वर्षं शाळेत गणित शिकवलं, आणि दांडीबहाद्दर मुलं पकडण्यात त्या अकरा वर्षांत माझा हात कोणी धरला नाही. शाळेमागे उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं. नववीची चार टाळकी तिथे ठरलेली असायची. मी मधल्या सुट्टीत पदर खोचून जायची आणि चौघांची वरात थेट ऑफिसपर्यंत आणायची. पोरं माझ्यामागे मला काय म्हणायची ते मला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला अभिमानच वाटायचा. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून कोणाला वाटायला नको की ही बाई मुळातच भित्री असेल. निदान माझी तरी तशी समजूत नव्हती.

आता आम्ही जपानमध्ये, एदोगावात राहतो. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे इथल्या आपल्या निम्म्या बिऱ्हाडांसारखाच. मी स्टेशनजवळच्या सुपरमार्केटच्या मागच्या किचनमध्ये सकाळी आठ ते बारा तळण काढते. कोरोक्के म्हणजे आपल्या बटाटेवड्याचा मिळमिळीत भाऊ. अकरा वर्षांच्या गणितानंतर माझ्या हाताला तेवढंच काम मिळालं. कुरकुर करत नाही. केली तरी जपानीत करता येत नाही.

मुलगी सात वर्षांची असताना आम्ही इथे आलो. सहावीपर्यंत ती इंडियन स्कूलमध्ये होती. मग आम्ही ठरवलं की आता इथेच राहायचं, आणि इथेच राहायचं तर पोरीला इथल्याच शाळेत घालायला हवं. ठरवलं म्हणजे आम्ही दोघांनी, जेवणाच्या टेबलावर, ती समोर बसलेली असताना. तिला जपानी उत्तम येतं असं आम्हाला वाटायचं, कारण आमच्यापेक्षा उत्तम येत होतं. दुकानात, दवाखान्यात, वॉर्डाच्या कचेरीत आमच्या वतीने तीच बोलायची. कुठलाही कागद आला की मी तिच्या पुढ्यात टाकायची आणि विचारायची, बघ गं, काय म्हणतायत. दहा वर्षांची पोर पेन्शनच्या नोटिसा वाचून दाखवायची. मी ते फोनवर माझ्या आईला कौतुकाने सांगायची.

शाळेचं एक अ‍ॅप असतं. मुलाला बरं नसलं तर सव्वाआठच्या आत पालकांनी त्यात भरायचं, कारणासकट. अ‍ॅप सगळं जपानीत. मी दोन दिवस त्याच्याशी झटापट केली आणि मग ते सरळ तिच्याच फोनवर टाकून दिलं. म्हटलं, तूच बघ बाई. वर्गशिक्षिकांचा माझ्या फोनवर एकदोनदा मिस्ड कॉल आला, तेव्हाही मी फोन तिच्याच हातात दिला. ती गोड आवाजात बोलली, दोनदा वाकली, फोन ठेवला आणि म्हणाली, स्पोर्ट्स डेचे बूट आणायचेत. मी बूट आणले. कोंबडीच्या खुराड्याची किल्ली मी मांजराला दिली नव्हती, एका चौदा वर्षांच्या मुलीला तिची स्वतःची पालक करून ठेवलं होतं. हे कळायला मला पुष्कळ वेळ लागला.

एप्रिलमध्ये शाळेच्या पीटीएची बैठक झाली. इथे कामं वाटायला चिठ्ठ्या काढतात. मी चिठ्ठी उचलली, उलगडली, काहीच वाचता आलं नाही, म्हणून हसून ‘हाय’, म्हणजे हो, म्हटलं. सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, त्यातल्या एकीने तर सुटकेचा श्वास सोडलेला मला ऐकू आला. घरी आल्यावर मुलीने चिठ्ठी वाचून सांगितलं की मी आता शाळेबाहेरच्या गस्तीवर आहे. दर महिन्याला एकदा दंडाला हिरवी पट्टी बांधून मॉलमध्ये, बागेत, गेम सेंटरमध्ये फिरायचं आणि शाळेच्या वेळेत बाहेर दिसणारी मुलं शोधायची. मी पोट धरून हसले. म्हटलं, बघ, नशिबात असलेली नोकरी सात समुद्र ओलांडून आली. ती हसली नाही. शाळेत येऊ नकोस फक्त, म्हणाली. माझ्या जपानीची तिला लाज वाटत असणार, असं मी धरून चालले, आणि गस्तीचे वारही तिला नंतर कधी सांगितले नाहीत.

आमची गस्त चौघांची. एक साध्या कपड्यातला तरुण पोलीस, ठाण्याच्या मुलांच्या विभागातला. एक वॉर्डाच्या बालकल्याण कचेरीतली बाई, माझ्याच वयाची, कायम पाठीला सॅक आणि पायात कॅनव्हासचे बूट. एक मोहल्ल्यातले आजोबा, पूर्वी टोफूचं दुकान चालवायचे, आता पोलिसांनी नेमलेले स्वयंसेवक. आणि मी. त्यांची पद्धत बघून पहिल्या दिवशी माझ्या कपाळाला आठ्या पडल्या. पकडायचं नाही, रागवायचं नाही, हात तर लावायचाच नाही. ऑक्टोबरमध्ये गेम सेंटरमध्ये दोन मुली सापडल्या, युनिफॉर्ममध्ये, भर साडेदहाला. आजोबा त्यांच्याजवळ गेले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि म्हणाले, सुवात्ते मो इइ देस का? म्हणजे, बसलो तर चालेल का? आणि बसले. वीस मिनिटं त्या मशीनमधल्या बाहुल्यांबद्दल बोलत होते. मग कचेरीतली बाई त्या दोघींना घेऊन काहीतरी गरम प्यायला गेली. जाताना त्यांना सांगत होती की तुमच्यावर कोणी रागावलेलं नाही. मी मनात म्हटलं, डोक्यावर बसवून ठेवा अजून. आमच्याकडे असत्या तर एव्हाना ऑफिसबाहेर उभ्या असत्या.

नोव्हेंबरची गस्त गुरुवारी होती. गुरुवारी मला सुट्टी असते. मुलगी आठला निघाली. युनिफॉर्म, पाठीवर दप्तर, हातात डबा. तिच्या शाळेत सगळ्यांना शाळेचंच जेवण असतं, पण त्यात मासे-मांस असतं म्हणून आम्ही परवानगी काढून घरचा डबा देतो. त्या दिवशी पोळी आणि बटाट्याच्या काचऱ्यांची भाजी होती. मी डबा पिवळ्या रुमालात बांधला, तिने दारातून ‘इत्ते किमासु’ म्हटलं, येते म्हणून, आणि गेली. नेहमीसारखीच गेली. त्या दिवशी मी तो क्षण शंभर वेळा आठवून पाहिला, तिच्या चेहऱ्यावर काही होतं का म्हणून. काही नव्हतं.

आम्ही दहाला मॉलमध्ये शिरलो. तळमजला, गेम सेंटर, फूड कोर्ट, पुस्तकांचं दुकान. कुठे कोणी नाही. चौथ्या मजल्यावर गाद्या-पलंगांचं दुकान आहे, तिथे सकाळी चिटपाखरूही नसतं. सरकत्या जिन्यापाशी पोलीस थांबला, आजोबांना दम लागला होता. तो म्हणाला, तेवढं पलीकडे वळणावर बघून याल का. मी गेले. पलंगांच्या ओळीमागे लिफ्टजवळ एक बाक आहे. बाकावर माझी मुलगी बसली होती.

मांडीवर पिवळा रुमाल पसरलेला. त्यावर डबा. पोळीचा घास तिच्या हातात होता. शेजारी दप्तर, नीट उभं करून ठेवलेलं. ती निवांत जेवत होती, पावणेअकराला, कोणाची घाई नसल्यासारखी. मग तिने वर पाहिलं. मला पाहिलं, माझ्या दंडावरची हिरवी पट्टी पाहिली. घास तसाच हातात राहिला. आमच्यात सहा-सात पावलांचं अंतर असेल.

माझ्या मनात त्या वेळी काय आलं ते मी आजवर दोघांनाच सांगितलंय. मुलगी इथे का, असं नाही आलं. तिला काय झालंय, असंही नाही. मनात आलं, पीआर. आमचा इथल्या कायमच्या वास्तव्याचा अर्ज इमिग्रेशनमध्ये आठ महिने पडून होता. आपल्या लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुसरा विषयच नसतो. कोणाचा अर्ज सायकल चुकीच्या जागी लावल्यामुळे परत आला, कोणाचा पेन्शनचा हप्ता दोन दिवस उशिरा भरल्यामुळे. खरं किती, खोटं किती, देव जाणे. मुलांची पोलिसांत नोंद झाली तर संपलंच, असं एका गृहस्थांनी ठामपणे टाकलं होतं आणि खाली तीस जणांनी हात जोडले होते. ते सगळं डोक्यात एकदम उभं राहिलं. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मला त्या बाकासमोर कळलं.

मागून पोलिसाचा आवाज आला, आहे का कोणी?

मी वळले. वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तो माझा आवाज लावला आणि म्हणाले, ‘दारे मो इमासेन.’ कोणी नाही. माझं जपानी इतकं स्वच्छ त्याआधी कधी निघालं नव्हतं, एरवी भाजीवाल्यालाही दोनदा सांगावं लागतं. मग मी लगबगीने त्यांच्याकडे गेले, खालच्या बागेत जाऊया म्हटलं. कोणी शंका घेतली नाही. आजोबांनी वाकून माझे आभार मानले, बघून आल्याबद्दल.

जिन्यावरून उतरताना मी फोन काढला आणि तिला लिहिलं, ‘शाळेत जा. आत्ताच्या आत्ता. बरोबर पोलीस आहेत. घरी ये, मग बघते तुझ्याकडे.’ दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर नाही. मला भयंकर राग आला होता. मी एवढ्या शिताफीने वाचवलं आणि हिला साधं ‘सॉरी’ लिहिता येत नाही, हा राग. बागेत फिरताना मी संध्याकाळचं भाषण मनात जुळवत होते. आपण कशासाठी राबतोय, बाबा काय म्हणतील, सगळी कलमं तयार होती.

बारा वाजता आजोबांनी सगळ्यांना गरम चहाचे कॅन दिले आणि गस्तीचा कागद भरला. किती मुलं भेटली, तर शून्य. चौघांनी खाली सह्या करायच्या असतात. मी केली. मग सायकल दामटत मॉलमध्ये परत गेले. चौथ्या मजल्यावर बाक रिकामा होता. बाकावर डबा होता, पिवळ्या रुमालात पुन्हा नीट बांधलेला. मी बांधते तशीच गाठ. उघडून पाहिला तर दोन पोळ्या आणि अर्धी भाजी तशीच होती.

राग तिथे उतरला. फोन लावला, तो बंद. शाळेत विचारायचं तर काय विचारायचं, आणि कोणत्या तोंडाने? घरी येऊन बसले. चार वाजले. साडेचारला वॉर्डाच्या भोंग्यावर संध्याकाळची ती धून वाजते, मुलांनो घरी जा म्हणून सांगणारी. बाहेर अंधारून आलं. खालच्या मजल्यावरची मुलं घरी आली, त्यांचे बूट जिन्यावर वाजले. आमच्या दाराशी कोणी आलं नाही.

नवरा त्या आठवड्यात कामासाठी क्योतोला होता. त्याला फोन केला. आधी तो माझ्यावर ओरडला, मग हळूच म्हणाला की सहापर्यंत थांबून बघूया का, एकदम पोलिसांत नको, अर्जाचं तुला माहीतच आहे. त्याला दोष देत नाही. तो जे संध्याकाळी म्हणाला ते मी सकाळीच करून बसले होते. मी थांबले. एक तास थांबले, हे मला लिहावंच लागेल. त्या तासात मी कुकर लावला. पोर बेपत्ता आणि आई कुकर लावतेय. तीन शिट्ट्या झाल्या, गॅस बंद केला, आणि मला एकदम भडभडून आलं. पावणेसहा झाले होते. गस्तीच्या पिशवीत कचेरीतल्या त्या बाईचं कार्ड होतं. तिला फोन लावला.

फोन लागल्यावर प्रश्न पडला की बोलायचं कसं. असे फोन आमच्या घरात जिने करायचे तीच नव्हती. माझं जपानी पार आटलं. मी म्हणाले, मुलगी. माझी. सकाळी. चौथा मजला. होती. मी नाही म्हटलं. खोटं. होती. एवढंच पुन्हा पुन्हा. पलीकडे ती बाई ऐकत राहिली. का केलंत असं, हे तिने विचारलं नाही. तिने विचारलं, कोट कोणत्या रंगाचा, दप्तर कोणत्या रंगाचं, ती एरवी कुठे जाते, कोणाकडे जाते. रंग सांगितले. कुठे जाते ते मला माहीत नव्हतं. कोणाकडे जाते, तर तिला मैत्रीण आहे की नाही हेही मला माहीत नव्हतं. अकरा वर्षं दुसऱ्यांच्या मुलांच्या अड्ड्यांची यादी मला तोंडपाठ होती.

सातला फोन आला. आजोबांना सापडली होती. ते सायकल घेऊन नदीकडे गेले होते, पलीकडच्या इचिकावाला जाणारा रेल्वेचा पूल आहे त्या बाजूला. नुसतं ‘पूल’ ऐकून दाराची चौकट धरून मी खाली बसले. ती बाई पलीकडून सावकाश सांगत होती की पुलावर नाही, काठावरच्या बाकावर, ठीक आहे, थंडी वाजतेय फक्त. आजोबा म्हणे तिच्याजवळ गेले, बसलो तर चालेल का म्हणाले, आणि बसले. अर्धा तास दोघं पुलावरून जाणाऱ्या गाड्या बघत होते.

स्टेशनसमोरच्या कोबानमध्ये, म्हणजे चौकातल्या त्या खोलीएवढ्या पोलीस चौकीत, ती खुर्चीवर बसली होती. अंगावर आजोबांचं जाकीट, हातात मक्याच्या सूपचा कॅन. मी धावत गेले. ती हलली नाही. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला तेव्हा तिने डोकं काढून घेतलं नाही, एवढंच.

गस्तीतला तो तरुण पोलीस बोलायला लागला तशी ती सवयीने माझ्याकडे वळून मराठीत सांगू लागली, ते म्हणतायत की… कचेरीतल्या बाईने तिला थांबवलं. बाई तिच्यापुढे जमिनीवर गुडघे टेकून बसली होती. म्हणाली, आज तू दुभाषी नाहीस, आज तू मुलगी आहेस. मग तिने कुठेतरी फोन लावून स्पीकरवर टाकला. पलीकडे हिंदी बोलणारा एक गृहस्थ होता, आवाज अगदी सपाट, बातम्या देणाऱ्यासारखा.

आणि मी पहिला प्रश्न काय विचारला? मी हिंदीत विचारलं, याची नोंद व्हिसाच्या कागदांत जाईल का. मुलगी शेजारी बसलेली. गृहस्थाने ते जपानीत सांगितलं. पोलिसाला प्रश्नच समजला नाही, त्याने पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाला की हा गुन्हा नाही, कोणावर काही लिहिलं जात नाही, मूल सापडलं की आम्ही फक्त घरी पोचवतो. किती साधं उत्तर होतं. ऑक्टोबरमध्ये बाई त्या दोन मुलींना जवळजवळ हेच सांगत होती आणि मी तिथेच उभी होते, नाकं मुरडत. मला तोंडात मारल्यासारखं झालं.

बाईने मुलीला विचारलं, सकाळपासून काय झालं, सांगावंसं वाटतं का? तिने कॅन खाली ठेवला. मग जपानीत बोलली, हळू, दोन-तीन वाक्यं. मला समजलं होतं. तरीही फोनमधल्या गृहस्थाने आपलं काम केलं. तो म्हणाला, “बच्ची कह रही है, सुबह माँ ने मुझे देखा था. माँ ने उन लोगों से कहा, यहाँ कोई नहीं है.”

पोलीस वहीत बघत होता. आजोबांनी खिडकीबाहेर मान वळवली. सकाळी मी ज्यांच्याशी खोटं बोलले ती तिन्ही माणसं तिथेच होती, आणि त्यांच्यापैकी एकानेही माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

मी तिला मराठीत म्हणाले की अगं, मी तुला वाचवत होते. पोलीस होते ना बरोबर.

ती म्हणाली, “वर्गात पण मी कोणीच नसते, आई. कोणी त्रास देत नाही. कोणी बोलतच नाही. तू आलीस तेव्हा मला वाटलं, सुटले. तू आता मला ओढून नेशील, ओरडशील.”

तिने हे रडत नाही सांगितलं, रडत मी होते. ओढून नेशील. अख्ख्या पुण्याच्या पोरांना ओढून नेलं मी. जिला हवं होतं तिच्यासमोरून पाठ फिरवून जिना उतरले.

पुढचं हळूहळू कळत गेलं. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर तिने शाळेत जाणं कमी केलं होतं. आधी मंगळवारी, मग मंगळवार-गुरुवार, मग मनाला येईल तसं. अ‍ॅपमध्ये ती माझ्या वतीने लिहायची, पोट दुखतंय, ताप आहे, आईला बरं नाही. वर्गशिक्षिकांचे ते फोन बुटांसाठी नव्हतेच, मुलीची तब्येत फार बिघडते म्हणून त्यांना काळजी वाटत होती. पहिल्या वर्षी मुली तिच्याशी बोलायच्या. मग त्यांचं बोलणं भरभर पुढे गेलं, विनोद बदलले, हिला एक विनोद समजेपर्यंत तीन होऊन जायचे. कोणाची चूक काढायची? जेवायच्या वेळी सगळ्यांसमोर तोच ट्रे, हिच्यासमोर पिवळा रुमाल. म्हणून ती डबा आधीच कुठेतरी खाऊन टाकायची. चौथ्या मजल्यावर तिला बरं वाटायचं, तिथे कोणी तिच्याकडे बघत नाही असं कोणाच्या लक्षातही येत नाही, असं ती म्हणाली. मला ते वाक्य नीट कळायला दोन दिवस लागले: वर्गात ते सगळ्यांना दिसायचं.

दुसऱ्या दिवशी मी आजोबांच्या घरी गेले आणि गस्तीचा कागद दुरुस्त करायचाय म्हटलं. ते म्हणाले, गरज नाही. मी अडून बसले. शेवटी त्यांनी कागद काढला. इथे लिहिलेलं खोडायचं तर वर दोन सरळ रेघा मारून शेजारी आपला शिक्का उठवावा लागतो. मी शून्यावर दोन रेघा मारल्या, वर एक लिहिलं, शिक्का मारला. त्याने कोणाचं काय भलं झालं कोण जाणे. निघताना आजोबांनी मला टोफू बांधून दिला. तो मला घरी नेईपर्यंत जड झाला.

या गोष्टीला आता वर्ष होईल. सगळं सुरळीत झालं असं सांगता आलं असतं तर मी आनंदाने सांगितलं असतं. झालं नाही. शाळेत ती जात नाही. वॉर्डाने अशा मुलांसाठी चालवलेली एक खोली आहे, तिथे आठवड्यातून दोनदा जाते, कधी एकदाच. इंडियन स्कूलमध्ये परत जातेस का विचारलं, तर म्हणाली, तिथेही आता सगळे पुढे गेले असतील. पीआरचं पत्र फेब्रुवारीत आलं, मंजूर झालं. नवऱ्याने पेढे आणायचं काढलं आणि मी त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो परत तो विषय बोलला नाही. आता इथे आम्हाला हवं तेवढं राहता येईल. ज्या पोरीच्या नावाने हा सगळा खटाटोप केला, ती दाराआड बसलेली असते.

शाळेचं अ‍ॅप आता माझ्या फोनवर आहे. रोज सकाळी आठला मी शब्दकोश घेऊन बसते. कामावर आता नऊला जाते, तेवढं मागून घेतलंय. गैरहजर, या खुणेवर बोट ठेवायचं. मग कारणाचा चौकोन येतो. खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय, पण खरं काय लिहायचं ते मला कुठे येतं? म्हणून मी तिच्या दाराशी जाते आणि विचारते, काय लिहू? बरेच दिवस आतून उत्तरच यायचं नाही. मग मी ‘इतर’ टाकायची. कधी ती म्हणायची, झोप झाली नाही. कधी म्हणायची, काहीही लिही.

गेल्या सोमवारी मी दाराशी गेले, पण विचारण्याआधी म्हटलं, बसू का? तिने कूस वळवली. मी उंबऱ्यावर टेकले, फोन हातात, घड्याळात आठ वाजून सात मिनिटं. काय लिहू गं? ती पांघरुणातून म्हणाली, “लिही, आहे.”

मी म्हटलं, काय आहे?

“मी. मी आहे, घरी आहे. असं लिही.”

मी एकेक अक्षर शोधून लिहिलं. वर गैरहजर, खाली, मुलगी आहे. पाठवण्याआधी फोन तिच्याकडे धरला, चुकलं असेल तर सांग म्हणून. तिने हात लावला नाही, नुसतं वाचलं. मग मला विचारलं, “आता त्यांना सांगशील ना, कोणी विचारलं तर?”